माउसपॅड निवडायला फूटपट्टी लागली

मागच्या वर्षी जूनमध्ये व्हॅलोरंट हा नेमबाजीचा कॉम्प्युटर गेम खेळताना मी पुन्हा पुन्हा एकाच प्रकारे मरत होतो. पाठीमागून पावलं ऐकू आली की वळायचो, आणि अर्ध्या वळणात माउस पॅडवरून घसरून टेबलाच्या सनमायक्यावर जायचा. तो उचलून परत मध्ये ठेवेपर्यंत समोरच्याचं काम झालेलं असायचं. बरेच दिवस मी माझ्या एमलाच, म्हणजे नेमालाच, दोष देत होतो.

एका रात्री फूटपट्टी घेऊन बसलो. माझा डीपीआय, म्हणजे एक इंच सरकल्यावर माउस मोजतो ते काउंट, ८०० आणि गेममधली सेन्सिटिव्हिटी (माउस सरकला की नजर किती फिरावी ते) ०.३५. व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी १ असेल तर माउसच्या एका काउंटला नजर ०.०७ अंश फिरते. म्हणजे माझ्या सेटिंगला एक इंच सरकवलं की १९.६ अंश, आणि पूर्ण गिरकीला जवळपास ४७ सेंटिमीटर. नुसतं मागे वळायलाच २३ हवेत. पॅड होता २४ सेंटिमीटर रुंद, त्यामुळे माउस मधोमध असला तरी एका बाजूला जेमतेम १२. हिशोब कागदावर आला आणि खूप मोकळं वाटलं. सेन्सिटिव्हिटी वाढवणं हा एक मार्ग होता, पण कोपरापासून हात फिरवायची सवय मी महिनोन्‌महिने घालवून लावली होती. ती मोडायची नव्हती.

माप ठरलं: ४५ बाय ४० च्या आसपास. ९० सेंटिमीटरचा, कीबोर्डखालीही जाणारा मोठा पॅड घेतला नाही, कारण माझं अख्खं टेबलच तीन फुटांचं. कीबोर्ड तिरका केला की उजवीकडे पुरेशी जागा होते.

पृष्ठभाग निवडताना मात्र चुकलो. ऑनलाइन एक अगदी गुळगुळीत, ‘स्पीड’ प्रकारचा पॅड मागवला. पहिले दोन दिवस माउस तरंगतोय असं वाटलं. पण व्हॅलोरंटमध्ये क्रॉसहेअर (नेम धरायची खूण) शत्रूच्या डोक्याच्या उंचीवर धरून कोपऱ्यावर थांबावं लागतं; सतत पळत्या माणसामागे माउस फिरवत राहण्याचा हा खेळ नाही. सरावाच्या रेंजमध्ये बॉट्सवर (गेममधल्या पुतळ्यांवर) फ्लिक, म्हणजे झटक्यात नेम, मारले तर क्रॉसहेअर दर वेळी डोक्याच्या बोटभर पुढे जायचं. मित्राकडे काचेचा पॅडही वापरून पाहिला. तो ओल शोषत नाही, आमच्या रत्नागिरीत ही मोठी गोष्ट. पण त्यावर थांबणं आणखी अवघड, आणि धुळीचा एक कण आला तरी माउसखालच्या स्केट्सना (गुळगुळीत पट्ट्यांना) जाणवतो.

शेवटी जाड, कापडी, ‘कंट्रोल’ प्रकारचा घेतला: स्टीलसिरीज कंपनीचा क्यूसीके हेवी, ४५ बाय ४०, जाडी ६ मिलिमीटर. थांबायच्या क्षणी माउस किंचित दाबला की खालचं रबर दबतं आणि ब्रेक लागतो. टेबल सुताराने दोन फळ्या जोडून केलेलं आहे. तो सांधाही या जाडीखाली जाणवत नाही.

जुलैत खरी परीक्षा झाली. हवेतली ओल आणि हाताचा घाम कापडात मुरला की पॅड जड होतो. माउस जागेवरून हलवायला आधी जोर लागतो, मग तो एकदम सुटतो, आणि डोक्यापाशी करायची बारीक दुरुस्ती तिथेच फसते. यावर क्रिकेटवाले उन्हासाठी घालतात ती हाताची स्लीव्ह सर्वांत उपयोगी ठरली. खेळण्याआधी दहा मिनिटं पंखा थेट पॅडवर सोडतो, तेही मानवलं.

धुण्याबद्दल एक सांगतो. कोमट पाणी, थोडा लिक्विड साबण, हलक्या हाताने चोळणं. ब्रश आणि पिळणं नको. भर पावसात धुतला तर वाळायला तीन दिवस गेले आणि तेवढे दिवस खेळ बंद. आता गणपतीनंतर ऊन पडलं की धुतो आणि सावलीत वाळवतो. मधोमध जिथे माउस जास्त फिरतो तिथे कापड जरा गुळगुळीत झालंय. ती जागा माझ्या बाजूला थोडी जवळ होती, म्हणून गेल्या महिन्यात पॅड अर्धा गोल फिरवून, पलीकडची कड माझ्याकडे करून ठेवला. आता माउस पुन्हा कोऱ्या भागावर येतो.