खुराक, चीक आणि माझी पीएचडी

माझा विषय कागदावर सोपा होता: गाभण उस्मानाबादी शेळीला शेवटच्या दीड महिन्यात जास्तीचा खुराक दिला, तर करडं जास्त जगतात का? शेळीचा गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा आणि करडाची बहुतेक वाढ त्या शेवटच्या दीड महिन्यातली. त्यात ही जात जुळ्यांसाठी नावाजलेली. पोटात दोन करडं आणि पुढ्यात तुरीचं भुसकट, अशी धाराशिवकडच्या कितीतरी शेळ्यांची गत. म्हणून मका भरडा आणि सरकी पेंडेचा खुराक ठरला. तो एका गटाला द्यायचा, दुसऱ्या, म्हणजे कंट्रोल गटाला नाही.

कोर्सवर्क, सिनॉप्सिस यथावकाश उरकलं. अडलं ते प्राण्यांवरील प्रयोगांच्या नीती समितीपुढे. एका सदस्यांनी विचारलं, "कंट्रोल गटातलं करडू तुमच्या डोळ्यांदेखत गार पडायला लागलं, तर काय करणार? वजन लिहून घेणार?"

प्रश्न रास्त होता. करडू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच, कारण ती शेळीच्या वारेतून पोटातल्या पिलापर्यंत पोचत नाहीत. जी मिळायची ती चिकातून. ती शोषून घ्यायची आतड्याची ताकदही तासागणिक घटते आणि साधारण 24 तासांत संपते. शेवटी आराखड्यात लिहून दिलं: करडाचं तापमान 37 अंशांखाली गेलं किंवा ते उभंच राहीना, तर गट न बघता उपचार, आणि नोंद 'उपचारित' म्हणून वेगळी. यानं आकडे विरळ होतील, ही गाईडची धास्ती. झालेही. पण दुसरं काय करणार?

थंडीत शेळ्या व्यायला लागल्या. फोन बहुतेक रात्रीच यायचे. एका वस्तीवर पोचले तर दोन्ही करडं पोत्यावर लोळत पडलेली आणि आजी निवांत. "वार पडू दे की गं आधी, मग पाजू." हा समज गावोगाव आहे. वाद न घालता मी कास धुतली, दोन धारा काढून सडाच्या तोंडाशी बसलेला चिकट बोळा मोकळा केला आणि मोठ्या करडाचं तोंड सडाला लावलं. करडू चोखायला लागलं की गर्भाशय आवळतं, वार सुटायला मदतच होते, हे आजीला तिथंच सांगितलं. पुढच्या खेपेला आजी हेच शेजारणीला पढवत होती, तेही स्वतःचा शोध असल्यासारखं!

धाकट्याच्या तोंडात बोट घातलं तर आतून गार. अशा करडाला आधी ऊब, मग चीक. पोत्यात गुंडाळून गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. मान धरायला लागल्यावर नळीनं चीक पाजला, किलोमागे 50 मिलिलिटर या हिशेबानं. ते जगलं आणि माझ्या तक्त्यात उपचारितांच्या रकान्यात गेलं.

आकडेवारीचं दुखणं निराळंच. करडू मेलं तर नोंद होते. पण घरात पैशाची नड निघाली आणि दोन महिन्यांचं बोकड बाजारात गेलं तर? ते मेलंही नाही आणि नोंदीचे पूर्ण तीन महिने जगलं असंही म्हणता येत नाही. सर्व्हायव्हल अ‍ॅनालिसिसमध्ये, म्हणजे कोण किती दिवस जगलं हे मोजायच्या संख्याशास्त्रीय पद्धतीत, असं करडू विकल्याच्या दिवसापर्यंत धरता येतं. हे तंत्र आधीच शिकून ठेवा. पशुपालकाला 'विकू नका' म्हणायचा आपल्याला काय अधिकार?

खुराकानं जुळ्यांची जन्मवजनं वाढली, ते अपेक्षितच होतं. जगण्यातला फरक मात्र खुराकापेक्षा चीक किती लवकर मिळाला त्यानं जास्त पडला. प्रबंधाच्या शीर्षकात खुराकच राहिला, कारण शीर्षक बदलायचं म्हणजे मंजुरीचे सगळे कागद पुन्हा फिरवायचे.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं उपचारित करडांचं प्रकरण उघडलं. ती धरून आणि वगळून असे दोन्ही तक्ते जोडलेले होते. निष्कर्षाची दिशा बदलत नव्हती. मग त्यांनी खुराकाचा खर्च विचारला. सरकी पेंडेचा भाव आणि एका करडाची बाजारातली किंमत, असा हिशेब फळ्यावर मांडला. तो त्यांनी वहीत उतरवून घेतला आणि म्हणाले, "हे प्रबंधात का नाही? घाला." तेवढी एकच दुरुस्ती निघाली.