एकतीस झाडांचा घेर

'तुमच्या देवराईत तोड झाली आहे का?'

मे २०२२ मधला रविवार. सकाळी सहा वाजता उठून फोन बघितला तर एवढा एकच प्रश्न. विचारणारी माझी सहकारी मूळची कोलकात्याची, तेव्हा जर्मनीत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करत होती. तिच्याकडे रात्रीचे अडीच वाजले असणार. मी लगेच फोन लावला. पहिल्या रिंगला तिने उचलला.

आमचं काम थोडक्यात सांगते. सात गटांनी आपापल्या जंगलांतल्या झाडांची मोजणी एकत्र आणली होती. राखलेल्या जंगलात पाच वर्षांत कार्बन किती वाढतो, हा प्रश्न. माझा वाटा म्हणजे संगमेश्वर तालुक्यातल्या एका देवराईतला अर्ध्या हेक्टरचा प्लॉट. पहिली मोजणी २०१४, दुसरी २०१९. विश्लेषण तिचं, त्यामुळे पहिलं नाव तिचं. परीक्षकांचे शेरे आले होते आणि सुधारलेला पेपर गुरुवारपर्यंत पाठवायचा होता. शेऱ्यांना उत्तर देताना तिने पहिल्यांदा एकेक झाड वेगळं काढून बघितलं, आणि आमच्या देवराईचा जैवभार, म्हणजे झाडांचं एकूण वजन, पाच वर्षांत निम्म्यावर आल्याचं तिच्या लक्षात आलं.

'सगळी झाडं नाही,' ती म्हणाली. 'एकतीसच. तीही क्रमाने, ८८ पासून ११८ पर्यंत. प्रत्येकाचा २०१९ चा आकडा २०१४ च्या साधारण एक तृतीयांश आहे.'

मी गप्प. तीही क्षणभर गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, 'मला एक शंका आहे. पण शंका हा पुरावा नाही. तू जाऊन मोजून येशील?'

शंका काय ते मलाही कळलं होतं. जंगलात मोजणी करणारा कुणीही 'एक तृतीयांश' ऐकलं की गणितातल्या पायच्या (π, म्हणजे ३.१४) वाटेला जातो. झाडाचा व्यास जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर घेतात, जगात बहुतेक ठिकाणी हीच पद्धत. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावरच्या ५० हेक्टरांत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपासून, आपल्याकडे तामिळनाडूतल्या मुदुमलाईच्या ५० हेक्टरांत १९८८ पासून अशीच मोजणी चालू आहे. पण व्यास कुणी थेट मोजत नाही. बुंध्याभोवती टेप गुंडाळायची ती घेर मोजायला. खास टेप असते, तिच्यावर एका बाजूला साधे सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ३.१४ ने आधीच भागलेले. बाजू चुकली की ३० सेंटिमीटर व्यासाचं झाड ९४ सेंटिमीटरचं होतं. उंची तीच धरली तरी सूत्रातून त्याचा जैवभार नऊपटीच्या पुढे जातो.

पण दुसरी शक्यता जास्त वाईट होती, आणि ती आमच्या प्लॉटलाच लागू होती. आमच्या झाडांना बिल्ले नाहीत.

२०१४ मध्ये मी गावात पहिल्यांदा गेले तेव्हा सोबत छापील पद्धत होती. प्रत्येक झाडाला ॲल्युमिनियमचा खिळा, त्याला क्रमांकाचा बिल्ला. गावकऱ्यांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, देवाला विचारावं लागेल. गुरवांनी कौल लावला. मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. खिळ्याला देवाने डावी दिली, म्हणजे नकार. मोजायला आणि रंगाला उजवी. झालं. आम्ही पांढऱ्या रंगाने आकडे घातले. कोकणातला पाऊस दोन वर्षांत रंगाची काय गत करतो हे इथल्या कुणाला सांगायला नको. पुढे झाड ओळखायचं ते माझ्या हाताने काढलेल्या नकाशावरून आणि दादांच्या सांगण्यावरून.

दादा त्याच गावचे. वय तेव्हा पंचावन्नच्या आसपास, शिक्षण सातवी. तरुणपणी लाकडाच्या ठेकेदाराकडे मापाचं काम केलेलं, त्यामुळे नुसत्या नजरेने बुंध्याचा घेर सांगायचे आणि तो चार बोटांच्या आत बरोबर निघायचा. दोन्ही मोजण्यांत टेप त्यांच्याच हातात होती. वाचून ते दाखवायचे, माझे विद्यार्थी लिहून घ्यायचे.

आकडे एका झाडाचे दुसऱ्याला गेले असतील, तर अख्खा प्लॉट वाया. आठ वर्षांचं काम.

बस नव्हती, म्हणून नवऱ्याची मोटरसायकल घेतली. पोचले तेव्हा साडेनऊ झाले होते. दादा अंगणात आमसुलांसाठी रतांबे फोडत बसले होते, हात मनगटापर्यंत लाल. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं ते एवढंच, 'तोड झाली म्हनतात? आमच्या राईत?' आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. मी म्हटलं, 'दादा, कुणी म्हणत नाही. आकडे म्हणतायत.' ते उठले, हात धुतले, माळ्यावरून १.३ मीटरची आमची बांबूची काठी काढली आणि चालू लागले.

देवराईत शिरलं की उन्हाची धग एकदम मागे राहते. खाली ऐन, किंजळ, बेहडा, वर गारंबीच्या वेली, माणसाच्या मांडीएवढ्या जाड. धनेश उडाला तर पंखांचा आवाज आधी ऐकू येतो, पक्षी मागाहून दिसतो. एरवी मी तिथे दहा मिनिटं नुसती उभी राहते. त्या दिवशी सरळ ८८ नंबरकडे गेले.

८८ म्हणजे किंजळ. रंगाचा फक्त एक पापुद्रा उरला होता. दादांनी बांबू बुंध्याला टेकवला, १.३ ला बोट ठेवलं, टेपखाली वेल अडकत होती ती दुसऱ्या हाताने बाजूला केली. झाडाला धक्का न लावता वेल सोडवायची त्यांची एक रीत आहे, आधी सैल करायची, मग वर सरकवायची, तोडायची कधीच नाही. टेप आडवी आहे ना हे बघायला झाडाभोवती एक फेरी मारली आणि मगच आकडा सांगितला. घेर ९९, व्यास साडेएकतीस. माझ्या कागदावर २०१९ चा व्यास ३०.८ होता. २०१४ चा ९४.

८९, ९०, ९१. सगळीकडे तेच. दुपारी एकपर्यंत एकतीसही झाडं झाली. एकही गायब नव्हतं, एकही अदलाबदल नव्हती. २०१९ चे आकडे बरोबर, २०१४ चे व्यास म्हणून लिहिलेले आकडे म्हणजे घेर. देवराई साबूत होती. ११८ नंबरच्या सातविणीच्या मुळाशी मी खाली बसले आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

पण हीच एकतीस का, हे कळल्याशिवाय उत्तर पुरं होत नव्हतं. उद्या कुणी विचारलं की उरलेले आकडे बरोबर कशावरून, तर काय सांगायचं? महाविद्यालयात जपून ठेवलेल्या कागदांवर तारीख होती, पण टेपबद्दल अक्षर नव्हतं.

'माज्या वहीत बगू,' दादा म्हणाले.

ते वही ठेवतात हे मला आठ वर्षांत माहीत नव्हतं. घरी गेल्यावर त्यांनी देव्हाऱ्याखालच्या पत्र्याच्या पेटीतून शाळेची दोनशे पानी वही काढली. कव्हर गेलेलं, वरून प्लास्टिकची पिशवी शिवलेली. आत रोजची तारीख, कोण कोण आलं, पाऊस कसा, कुठल्या झाडापासून कुठल्या झाडापर्यंत गेलो, मजुरी मिळाली की बाकी. आणि त्या दिवशीच्या पानावर वळणदार अक्षरांत:

'चपटी टेप मुलगा विसरला. माझी कापडी टेप घेतली. घेर सांगितला. बाईंनी सांगितले रात्री भागून लिहू. ८८ ते ११८.'

चपटी टेप म्हणजे व्यासाची खास टेप, बाई म्हणजे मी. रात्री भागायचं होतं ते मी भागलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याने ते आकडे संगणकात व्यासाच्या रकान्यात भरले आणि मी न तपासता पुढे पाठवले. देवराईत मोठी झाडं असतातच, म्हणून ९४ किंवा १२० चा व्यास बघून कुणाला खटकलं नाही. चूक सर्वस्वी माझी होती, आणि ती उलगडली ती ज्या माणसाला मी पेपरच्या शेवटी आभारांत 'क्षेत्र सहाय्यक' म्हणून एका ओळीत बसवलं होतं, त्याच्या वहीने.

पानाचा फोटो काढला, मोबाइलला रेंज मिळेपर्यंत वरच्या खडकाळ सड्यावर चढले आणि पाठवला. खाली प्रत्येक वाक्याचा अर्थ लिहिला. संध्याकाळी सातला सगळ्यांची ऑनलाइन बैठक झाली. मी पहिल्यांदा बोलले, काय चुकलं, कसं सापडलं, दुरुस्त आकडे काय. दुरुस्तीनंतर आमच्या देवराईत थोडी वाढच दिसत होती.

एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं म्हणणं होतं की हा प्लॉट वगळावा. विदाच्या (डेटाच्या) दर्जावर शंका आली की पूर्ण पेपर अडचणीत येतो. त्यांचं म्हणणं मला लागलं, पण त्यात तथ्य नव्हतं असं म्हणणार नाही. सहकारी मात्र ठाम होती. ती म्हणाली, 'चूक सापडली ती या प्लॉटच्या नोंदी उघडता आल्या म्हणून. बाकी सहा गटांनीही कच्च्या नोंदींचे फोटो द्यावेत, मग ठरवू.' पुढच्या दोन दिवसांत चार गटांचे फोटो आले. दोघांकडे मूळ कागद उरले नव्हते, फक्त संगणकातली फाइल होती. आमचा प्लॉट राहिला. दुरुस्तीची हकिकत पुरवणीत सविस्तर छापायची ठरली, आणि संपादकांकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली.

बैठक संपताना तिने सहज विचारलं, 'ही वही कुणाची?'

मी सांगितलं.

'मग त्यांचं नाव लेखकांत का नाही?'

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आपल्या परिसरशास्त्रात हा प्रश्न जुना आहे. बाहेरून येऊन विदा घेऊन जाणाऱ्यांबद्दल आपण तक्रार करतो, आणि ती रास्त आहे. अशा कामाला 'पॅराशूट सायन्स' असं नावही पडलं आहे. पण तालुक्याच्या गावातून खेड्यात जाणारी मी, माझ्याही पाठीवर तीच छत्री होती, हे त्या प्रश्नाने मला दाखवलं. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी देवरायांवर लिहिलं तेव्हापासून आपण म्हणत आलो की ही जंगलं गावाने राखली. राखणाऱ्याचं नाव पेपरवर घालायची वेळ आली की मात्र आपण नियम शोधतो.

नियम दाखवला गेलाच. लेखकत्वाचे चार निकष आहेत, मुळात वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी घालून दिलेले, पण आता आमच्याकडेही त्यांचाच दाखला देतात: कामात भरीव वाटा, लेखनात किंवा परखड तपासणीत सहभाग, अंतिम मसुद्याला संमती, आणि कामाची जबाबदारी घेणं. इंग्रजी न येणारा माणूस मसुदा कसा तपासणार, असा सवाल आला. मी म्हटलं, मी वाचून दाखवीन.

पुढच्या शनिवारी आणि रविवारी, दोन संध्याकाळी, दादांच्या पडवीत बसून मी तो पेपर पहिल्या ओळीपासून मराठीत सांगितला. त्यांची सून, शेजारचे दोघे, नववीतला नातू, सगळे ऐकायला. आलेख आले की मी वहीत काढून दाखवायचे. सांख्यिकीच्या भागात दादांनी थांबवलं नाही. प्लॉटच्या वर्णनाशी आल्यावर थांबवलं. आम्ही लिहिलं होतं की देवराईत पूर्वापार कधीही तोड झालेली नाही.

'ह्यां खरां न्हाय,' ते म्हणाले.

त्यांच्या लहानपणी देवळाचा जीर्णोद्धार झाला तेव्हा कौल लावून, देवाची परवानगी घेऊन दक्षिणेकडची मोठी झाडं वाशांसाठी पाडली होती. आज तिथे दिसतात ती त्यानंतर वाढलेली. 'त्याच्या आदी तिकडं दोन मानसांच्या कवेत न मावनारा ऐन व्हता. आमी त्याच्यावर चढायचो.' दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी जागा दाखवली. पालापाचोळा बाजूला सारल्यावर कुजलेल्या खोडाचं वर्तुळ मातीत अजून कळत होतं. आमच्या प्लॉटचा दक्षिणेकडचा पट्टा त्याच जागेत येत होता, आणि तिथली झाडं बाकीच्यांपेक्षा वेगाने का वाढत होती, हे कोडं मी इतके दिवस मातीच्या खोलीवर ढकलत होते.

मी तिथूनच सड्यावर गेले आणि सहकारीला फोन केला. तिने लगेच तो पट्टा वेगळा करून विश्लेषण पुन्हा चालवलं. चर्चेतला एक परिच्छेद बदलला, 'कधीही तोड नाही' हे वाक्य गेलं. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी नवा मसुदा वाचला आणि एकच ओळ लिहिली: नाव घाला, माझी हरकत नाही.

पाठवायच्या अर्जात प्रत्येक लेखकाचा ईमेल आणि संस्था सक्तीची होती. ईमेल आम्ही नातवाच्या मदतीने उघडला. संस्थेच्या रकान्यात काय लिहू, म्हणून मी दादांना विचारलं. त्यांनी गावाचं नाव सांगितलं, आणि मी लिहिताना वाकून बघत म्हणाले, 'वाडीबी लिवा. गाव मोटा हाय.'