बीकन विकत घेतल्यानंतरचे काम

तारकर्लीला पहिल्यांदा स्कूबा डायव्हिंग केले, तेव्हा बोट हाकेच्या अंतरावर होती आणि कोणी मला विसरून जाईल अशी शंकाही मनात आली नाही. ब्रिस्बेनला स्थायिक झाल्यावर कोरल सीमधील ऑस्प्रे रीफ या प्रवाळखडकाच्या सफरीसाठी नाव नोंदवले आणि 1998 ची घटना आठवू लागली. त्या जानेवारीत सेंट क्रिस्पिन रीफवर एका अमेरिकन दांपत्याला पाण्यातच सोडून बोट परतली, आणि हे लक्षात यायला दोन दिवस गेले. ते दोघे सापडले नाहीत. मी पर्सनल लोकेटर बीकन, म्हणजे संकटात आपली जागा कळवणारे खिशात मावणारे यंत्र, घेतला तो यामुळे.

हा बीकन 406 मेगाहर्ट्झवर कॉस्पस-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेच्या उपग्रहांना संदेश पाठवतो. जीपीएस असेल तर तो साधारण 120 मीटरपर्यंत अचूक जागा कळवतो. नसेल तर पाच किलोमीटरपर्यंत फरक पडू शकतो, त्यामुळे जीपीएसवर पैसे वाचवण्याचा विचार मी केला नाही. मात्र संकटात कोण आहे आणि घरी कोणाला विचारायचे, हे कॅनबेरातील बचाव केंद्राला नोंदणीवरूनच कळते. ऑस्ट्रेलियन मेरिटाइम सेफ्टी अथॉरिटीकडे ही नोंदणी विनामूल्य होते आणि दर दोन वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. पंधरा चिन्हांच्या सांकेतिक क्रमांकात मी ‘बी’च्या जागी 8 लिहिला होता, पत्नीने तो मोठ्याने वाचून दाखवला म्हणून चूक वेळीच सापडली. आपत्कालीन संपर्कात साताऱ्याच्या आईचे नाव मुद्दाम घातले नाही. रात्री फोन आल्यास तिला माझ्या सफरीचा तपशील सांगता आला नसता. समुद्रात गेलोच कशाला, हे मात्र तिने त्या अधिकाऱ्यालाच विचारले असते.

खरी परीक्षा पुढे होती. माझा बीकन पावसात किंवा लाटांत टिकणारा असला, तरी तीस मीटर खोलीचा दाब सहन करणारा नव्हता, त्यामुळे त्याच्यासाठी खोल पाण्यात चालणारा वेगळा डबा घ्यावा लागला. डब्याच्या ओ-रिंगवर, म्हणजे झाकण घट्ट बसवणाऱ्या रबरी कड्यावर, वाळूचा एक कण किंवा केस राहिला, तरी पाणी आत शिरते. शिवाय खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जात नाहीत. म्हणजे पृष्ठभागावर येऊन, डबा उघडून, अँटेना आकाशाकडे धरल्याशिवाय बीकनचा उपयोग शून्य. हे वाचताना सोपे वाटले. तरणतलावात हातमोजे घालून, बीसीडी (डायव्हरला तरंगत ठेवणारे हवेचे जाकीट) फुगवून प्रयत्न केला, तेव्हा पहिल्या खेपेस झाकणच फिरेना आणि दुसऱ्या खेपेस बीकन हातातून निसटला. तेव्हापासून तो दोरीने बीसीडीला बांधलेला असतो. सरावात मी अँटेना उभारतो, पण बीकन सुरू करत नाही. चुकून सुरू झालाच, तर लगेच बंद करून बचाव केंद्राला कळवायचे असते.

आणखी एक गोष्ट दुकानदाराने नव्हे, तर बोटीच्या कॅप्टनने सांगितली. उपग्रहाला गेलेली हाक आधी कॅनबेराला पोहोचते, दोन किलोमीटरवरच्या माझ्याच बोटीला ती थेट ऐकू येत नाही. त्यामुळे लांबून दिसणारी, फुगवायची केशरी सिग्नल ट्यूब आणि शिट्टी मी अजूनही सोबत ठेवतो. निघण्याच्या आदल्या रात्री मात्र आधी नोंदणीच्या खात्यात बोटीचे नाव आणि परतीची तारीख भरतो, मगच ओ-रिंग पुसायला बसतो.