‘हॅड’ने घातलेला घोळ

क्लायंटचा मेल एकाच ओळीचा होता: ‘मग आता पुन्हा काय झालं?’

मी चक्रावलो. पुन्हा काहीच झालं नव्हतं. आदल्या दिवशी सर्व्हर बंद पडला, तो तासाभरात सुरू केला आणि सकाळी रीतसर कळवलं: ‘वी हॅड फिक्स्ड द इश्यू यस्टरडे.’ डोक्यात मराठी वाक्य होतं, ‘काल आम्ही प्रॉब्लेम सोडवला होता.’ शाळेत ‘होतो-होता-होते दिसलं की हॅड’ एवढंच तर घोकलेलं.

तिकडे मात्र पळापळ. त्यांचे दोघेजण हातातलं काम टाकून सर्व्हर तपासत बसले, आणि मला तातडीच्या कॉलवर ओढलं. मी म्हणतोय सगळं चालू आहे. त्यांचा प्रश्न, मग ‘हॅड’ का?

त्यांच्यातल्या एका बाईंनी नंतर शांतपणे सांगितलं. ‘हॅड फिक्स्ड’ वाचलं की त्या पुढच्या घटनेची वाट बघतात. गाडी सुटली होती, कधी? तर मी पोचलो त्याच्या आधी. भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची कोणती, हे दाखवायला ‘हॅड’. मी दुसरी गोष्ट लिहिलीच नाही, म्हणून ती त्यांनी स्वतःच भरून घेतली: दुरुस्त केलं होतं, पण परत बिघडलं.

आपलं ‘होतं’ असं कुणासाठी खोळंबत नाही. ‘काल डॉक्टरकडे गेलो होतो’ म्हटलं की विषय संपला. जाऊन परतही आलो. उलट नुसतं ‘काल डॉक्टरकडे गेलो’ म्हणा, समोरचा विचारतो, ‘बरं, मग?’ म्हणजे नेमका उलटा कारभार! (आणि खुर्चीतून न उठता ‘आलोच!’ म्हणणाऱ्यांनी काळांबद्दल फार बोलूही नये.)

घाबरून पुढच्या मेलमध्ये मी ‘हॅव फिक्स्ड इट यस्टरडे’ लिहायला निघालो. तेही चूक. ‘यस्टरडे’ म्हटलं की साधं ‘फिक्स्ड’. ‘यस्टरडे’ काढलं तर ‘हॅव फिक्स्ड’ चालतं, आणि क्लायंटला तेच ऐकायचं असतं, कारण त्यात ‘अजूनही ठीक आहे’ हे येतं.

संध्याकाळी पाठवलेले जुने मेल उघडून बसलो. जिथे तिथे ‘हॅड’. एकाच ठिकाणी तो शोभत होता: सर्व्हर पडला त्याआधी बॅकअप पूर्ण झाला होता. तोही मी सवयीनेच लिहिलेला.