दादा गेला म्हणून सुटली का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाही. दादा गेला म्हणून माझी दारू सुटली नाही.

जिन्यात, नळावर, सत्यनारायणाच्या प्रसादाला, लग्नाच्या पंगतीत हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला गेलाय. खरं तर तो प्रश्न नसतोच. "थोरला गेला नि ह्याचे डोळे उघडले," असं तुम्ही आधीच ठरवलेलं असतं, माझ्याकडून फक्त होकार हवा असतो. मी मान हलवून पुढे जायचो. तुमचं माझ्यावर प्रेम आहे, तुम्ही मला गटारातून उचलून आणलंय, तुमच्याशी वाद कुठे घालायचा?

पण गेल्या महिन्यात दुसऱ्या माळ्यावरची एक आई माझ्याकडे आली. तिचा मुलगा सकाळी उठला की चहाचा कप धरू शकत नाही. ती म्हणाली, "तुला जसा धक्का बसला, तसा ह्याला बसला तर सुटेल का रे? ह्याचे बाबा आता थकलेत." काय बोलून गेली हे तिच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. घरातलं एक माणूस गेलं की दुसरं सुधारतं, हा हिशोब माझ्या नावावर चाळीत फिरतोय. तो आज मोडायचा आहे.

गिरणीचंही तसंच. "संपात सगळं गेलं, पोरं वाया गेली." ८२च्या संपानं आमच्या घरातली पितळेची भांडी गेली, आईची पोत गेली, हे खरं. पण संपात होरपळले ते बाबा. गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर, जन्म काढलेला तो माणूस पुढे फुटपाथवर भाजी घेऊन बसला. त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ शेवटपर्यंत उतरली नाही, दारूचा थेंब त्यांनी कधी घेतला नाही. तेव्हा मी शाळेत होतो. माझ्या दारूला संप पुरत नाही.

आता बाणगंगेचं. तुम्ही सगळे तिथे होतात, तरी सांगतो, कारण तुम्ही तिथून घरी गेलात आणि मी दुसरीकडे गेलो.

दादाचा दहावा. मुलगी चार वर्षांची, म्हणून विधीला मी बसलो. पहाटे आंघोळीआधीच मी एक चपटी संपवली होती. घेतली नसती तर पिंड हातात धरता आला नसता. भटजींना वास येत होता. त्यांनी फक्त जानवं सावरलं आणि मंत्र चालू ठेवले. पिंड ठेवले. पाऊस थांबला होता. कठड्यावर कावळे होते, समोरच्या कौलांवर होते, खाली एकही येईना. मामा पुढे झाले, "पोरीचं शिक्षण आम्ही बघू." कावळा हलला नाही. वहिनींचा भाऊ म्हणाला, "ताईला अंतर देणार नाही." नाही. आईनं तर हात जोडून, "माझी काळजी करू नको रे," म्हटलं. अर्धा तास झाला. भटजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात मागून कुणीतरी, कोण ते मला आजही ठाऊक नाही, म्हणालं, "अरे, ह्याला बोलू दे ना. त्याचा जीव ह्याच्यातच अडकलाय."

मी पुढे झालो. पाय लटपटत होते. तुम्हाला ते दुःखानं वाटलं. म्हणालो, "दादा, आजपासून दारू सोडली." आणि कावळा आला. खरंच आला, मी नाकारत नाही. मधल्या पिंडाचा घास घेऊन उडाला. तुम्ही सगळे रडलात. आईनं माझं डोकं छातीशी धरलं.

त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता मी करी रोडच्या देशी दारूच्या बारमध्ये होतो.

आणि पुढचे पंधरा महिने होतो. आधी रात्री प्यायचो, आता सकाळीही. दादा असताना कुणीतरी शोधत येईल ही भीती असायची. तीही गेली. दुःखानं माणूस जागा होत असेल, मला नाही ठाऊक. मला दुःखानं प्यायला कारण दिलं, आणि त्या कारणाला चाळीत मान होता. "भाऊ गेलाय त्याचा, पिऊ दे आज," असं म्हणत तुमच्यापैकीच काहींनी स्वतःच्या पैशानं पाजली. मी दोष देत नाही. देतोय कदाचित.

२६ जुलै २००५च्या पावसावर मी हाती लागेल ते वाचलंय. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर, कुलाब्याला ७३. एकाच शहरात, एकाच दिवसात. दादा संध्याकाळी दादरहून चालत आला, हिंदमाताला छातीभर पाण्यातून. घरी पोचला, कपडे बदलले आणि मी आलेलो नाही हे कळल्यावर पुन्हा उतरला. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा जंतू, उंदरांच्या मुतातून पाण्यात येतो आणि पायावरच्या जखमेतून शिरतो. दादाच्या टाचेला चपलेचा खिळा लागलेला होता. आठवड्याभरानं ताप, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की चादरही सोसवेना, मग डोळे लाल, मग पिवळे. ८ ऑगस्टला तो गेला. आता पावसात पाण्यातून चाललात तर ७२ तासांच्या आत लेप्टोवरची डॉक्सीसायक्लिनची गोळी घ्या, असं पालिका दर वर्षी सांगते. मी ते फलक उभा राहून पूर्ण वाचतो.

पहिल्या पाण्यानं झालं की दुसऱ्या? पहिल्या पाण्यातून तर लाखो माणसं चालली. दुसऱ्या पाण्यात तो माझ्यासाठी उतरला. डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सांगितलं की हे कुणालाच सांगता येणार नाही. कधी मी पहिलं पाणी धरून झोपतो, कधी दुसरं.

मग सुटली कशी? ह्या उत्तरानं तुमचं समाधान होणार नाही. तळमजल्यावरचे काका, गिरणीतून निवृत्त, अल्कोहोलिक्स अनॉनिमसमध्ये, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला, जाणारे. दर गुरुवारी दारात उभे राहायचे, "येतोस?" मी शिवी द्यायचो, ते जायचे. पुढच्या गुरुवारी परत. एका गुरुवारी माझ्या खिशात दमडी नव्हती, उधारी बंद झाली होती आणि मीटिंगला चहा मिळतो हे ऐकून होतो. म्हणून गेलो. पालिकेच्या शाळेचा वर्ग, लहान मुलांची बाकं, गुडघे मावेनात. दारू थांबल्याच्या तिसऱ्या रात्री मला भिंतीवर माणसं दिसायला लागली, तेव्हा काकांनी आणि गॅलरीतल्या चौघांनी मला खुर्चीत बसवून खाली उतरवलं आणि इस्पितळात नेलं. सलाइन, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं. त्या चौघांपैकी कुणीही मला कधी हा प्रश्न विचारला नाही.

नऊ महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, दादाच्या श्राद्धाच्या रात्री मी पुन्हा प्यायलो. म्हणजे दादाच्या नावानं काही झालं असेल तर ते हे. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा एकपासून मोजायला लागलो. तो आकडा अजून मोडलेला नाही. उद्याचं बोलत नाही.

आता कबुली. पिंडापुढच्या वचनाची गोष्ट तुम्ही रचलीत असं मी मघापासून भासवतोय. पण मीटिंगमध्ये ती पहिल्यांदा सांगितली मीच. बाणगंगा, कावळा, शब्द. लोक डोळे पुसायचे, टाळ्या वाजायच्या. दोन-तीन वर्षं सांगत होतो. सांगता सांगता मलाही खरी वाटू लागली. एकदा परत येताना भारतमाता टॉकीजपाशी काका थांबले. म्हणाले, "कावळ्याचं सांगितलंस. त्या संध्याकाळचं नाही सांगितलंस." एवढंच. मी त्यांच्यावर महिनाभर रागावलो होतो. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं, दादाला अजून किती वापरणार आहेस? आणि तो मला उलटं विचारेल, की त्या गोष्टीच्या आधारानं तू दोन-तीन वर्षं कोरडा राहिलास, ते विसरलास? त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

त्या आईला मी सांगितलं, धक्क्याची वाट बघू नका. गुरुवारी मी दारात येतो. तीन गुरुवार झाले. मुलगा शिव्या देतो.

राहिल्या वहिनी. त्यांनी हा प्रश्न मला कधीच विचारला नाही. पुतणीला शाळेत सोडायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं, मी सहा महिने कोरडा होतो तेव्हा. श्राद्धाच्या रात्रीनंतर काढून घेतलं आणि दीड वर्षानं परत दिलं. दोन्ही वेळा एक शब्द बोलल्या नाहीत. एकदाच, निवडलेली मेथी परातीत टाकता टाकता म्हणाल्या, "भाऊजी, त्या दिवशी तुम्ही होतात कुठे?"

मी म्हणालो, आठवत नाही.

वहिनी, आठवतंय. करी रोडला, बारच्या पोटमाळ्यावर, खिडकीशी बसलो होतो. सगळ्यांना सांगितलं तसा अडकलो नव्हतो. साडेनऊला खालचं पाणी गुडघ्याच्या खाली उतरलं होतं, बाकीचे उठून घरी निघाले होते. मी आणखी एक क्वार्टर मागवली.