आमची वाटचाल : जुन्या टेपा आणि त्या वाचणारी यंत्रे

आमच्या व्यवसायाची सुरुवात 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात फोर्ट आणि नरिमन पॉइंट परिसरातील कार्यालयांना टेप बॅकअपची व्यवस्था बसवून देण्यापासून झाली. त्या काळी हार्ड डिस्क महाग होत्या, त्यामुळे दिवसभराचे काम आटोपल्यावर सर्व्हरमधील हिशेब आणि पत्रव्यवहार चार मिलिमीटर रुंदीच्या डॅट टेपेवर उतरवून ती टेप तिजोरीत ठेवणे ही शिस्तशीर कार्यालयांची रीत होती. आज दादरच्या आमच्या जागेत चालणारे काम नेमके उलट दिशेचे आहे: त्या तिजोऱ्यांतून आणि माळ्यांवरून बाहेर निघणाऱ्या टेपांतील मजकूर परत मिळवून देणे.

या कामाकडे आम्ही वळलो ते 2005च्या पावसाळ्यात. 26 जुलैला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, मिठी नदीच्या काठची वस्ती पाण्याखाली गेली, आणि पुढच्या काही आठवड्यांत कुर्ला-कलिना भागातील आमच्या जुन्या ग्राहकांनी चिखलाने माखलेली कार्ट्रिजे आमच्यापुढे आणून ठेवली. ज्यांनी ती उन्हात किंवा हीटरसमोर वाळवली होती त्यांच्या टेपांचे थर एकमेकांना चिकटले होते. ज्यांनी ती ओलीच प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणली त्यांच्या टेपा आम्ही डिस्टिल्ड वॉटरने धुऊन, पंख्याच्या साध्या वाऱ्यावर संथपणे सुकवून वाचू शकलो. टेपेवरील चुंबकीय नोंद पाण्याने पुसली जात नाही, तिचा घात गाळ, उष्णता आणि ओल्या टेपेला घाईने ड्राइव्हमध्ये, म्हणजे टेप वाचणाऱ्या यंत्रात, घालण्याने होतो, हे आम्हाला तेव्हा प्रत्यक्ष पाहायला मिळाले.

टेप नीट ठेवली तर अनेक वर्षे टिकते, पण तिला वाचणारे यंत्र त्याआधीच मोडीत जाते, हे मात्र हळूहळू लक्षात आले. सर्व्हरच्या बॅकअपसाठी वापरल्या जाणाऱ्या एलटीओ जातीच्या टेपांचेच पाहा. 2000 साली बाजारात आलेल्या पहिल्या पिढीत 100 जीबी मावत, आणि सातव्या पिढीपर्यंतचा प्रत्येक ड्राइव्ह स्वतःच्या मागच्या दोन पिढ्यांपर्यंतच्या टेपा वाचतो, त्यापलीकडच्या नाही. म्हणजे ज्या कार्यालयाकडे पाचव्या पिढीचा ड्राइव्ह आहे त्याला दुसऱ्या पिढीची स्वतःचीच टेप वाचता येत नाही. म्हणून कार्यालये जुने ड्राइव्ह भंगारात काढू लागली तेव्हा आम्ही ते विकत घेऊ लागलो. लॅमिंग्टन रोडवरील दुकानदार असा माल आला की आमच्यासाठी बाजूला काढून ठेवत. ड्राइव्हइतकेच महत्त्व आम्ही स्कझी कार्डांना (ड्राइव्ह संगणकाला जोडणाऱ्या जुन्या पद्धतीची कार्डे), केबलींना आणि टर्मिनेटरांना (जोडणीच्या टोकाला लावायच्या बंदक तुकड्यांना) दिले, कारण एकाच केबलीवर जोडलेल्या उपकरणांच्या साखळीच्या दोन्ही टोकांना योग्य टर्मिनेटर नसेल तर चांगला ड्राइव्हही मधेच वाचायचा थांबतो, आणि डीएलटी या आणखी एका जातीच्या जुन्या ड्राइव्हांपैकी जे वरच्या व्होल्टेजच्या डिफरन्शियल पद्धतीचे आहेत ते नेहमीच्या कार्डाला जोडले तर ड्राइव्ह किंवा कार्ड जळू शकते.

आमच्या कामाची रीत ज्या एका कामाने पक्की झाली ते गिरगावातील एका प्रकाशकांचे होते. त्यांच्या मासिकाची जुनी पाने 120 मीटरच्या, 4 जीबी क्षमतेच्या डॅट टेपांवर होती. टेपा स्वच्छ होत्या, बुरशी कुठेही नव्हती, तरी आमचे चांगले चालणारे ड्राइव्ह त्या आत घेत, थोड्या पुढेमागे फिरवत आणि वाचता येत नसल्याचा संदेश देऊन बाहेर टाकत. या जातीच्या ड्राइव्हमध्ये फिरत्या दंडगोलावरचे हेड, म्हणजे लिहिणारे-वाचणारे चुंबकीय टोक, टेपेवर केसाहून कितीतरी बारीक अशा तिरप्या रेषा लिहितात. टेपेला दंडगोलाभोवती वळवणाऱ्या खुंट्या जागेवरून किंचित जरी सरकल्या असतील, तरी त्या रेषांचा कोन बदलतो. असा ड्राइव्ह स्वतः लिहिलेले बिनचूक वाचतो, पण त्याचे लिखाण दुसऱ्या कोणत्याही ड्राइव्हला वाचता येत नाही. आम्ही प्रकाशकांना मूळ ड्राइव्हबद्दल विचारले, तेव्हा छापखान्याच्या माळ्यावर तो सापडला.

तो बंद होता. बाहेरच्या पेटीतील पॉवर सप्लायचे कॅपॅसिटर फुगले होते, आणि टेप आत ओढणाऱ्या दात्यांवरचे ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. कॅपॅसिटर बदलले, जुने ग्रीस अल्कोहोलने खरवडून काढून नवे अगदी पातळ लावले, हेड आणि रबरी रोलर तंतू न सुटणाऱ्या कापडाने पुसले. खुंट्यांच्या स्क्रूंना मात्र कोणी हात लावायचा नाही, असे मी आमच्या तंत्रज्ञांना बजावले होते, कारण कारखान्याच्या मापाने जो दोष होता, तोच शाबूत राहिला तर टेपा वाचल्या जाणार होत्या. प्रत्येक टेपेची लेखनबंदीची खिडकी आधी उघडली, लिनक्सवर ब्लॉकची, म्हणजे एका वेळी वाचल्या जाणाऱ्या तुकड्याची, लांबी बदलती ठेवली आणि वाचल्यावर टेप आपोआप गुंडाळली जाणार नाही अशा मार्गाने संपूर्ण टेपेची जशीच्या तशी प्रत हार्ड डिस्कवर घेतली. पहिल्या प्रतीच्या सुरुवातीलाच टी, ए, पी, ई ही चार रोमन अक्षरे दिसली, आणि हा विंडोज एनटीच्या बॅकअपचा साचा आहे हे ओळखताच आमच्या खोलीत सगळ्यांच्या जिवात जीव आला.

त्यानंतरचे काम निराळेच होते. पाने पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडपूर्व फाँटांत (सर्व लिप्यांसाठीची आजची समान संकेतपद्धती येण्याआधीच्या फाँटांत) लावलेली होती. त्या फाँटांशिवाय उघडली की मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसत. अशा फाँटांत मजकूर डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो, म्हणजे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर येतो, त्यामुळे सरळ अदलाबदल करून भागत नाही. आमच्या मुलांनी त्यासाठी रूपांतराचा प्रोग्राम लिहिला, आणि छापील अंक समोर ठेवून प्रकाशकांच्या मुद्रितशोधकांनी पानन् पान तपासले. मराठी मजकूर शोधता येईल, पुन्हा छापता येईल अशा रूपात परत आला, याचे समाधान मला आमच्या इतर कोणत्याही कामापेक्षा अधिक आहे.

आता आम्ही संग्रहातील प्रत्येक ड्राइव्ह पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर चालवून पाहतो, आणि टेपा वातानुकूलित खोलीत, हवेतील आर्द्रता 50 टक्क्यांच्या आत ठेवून सांभाळतो. क्लीनिंग टेप आम्ही जपून वापरतो, कारण ती हेडही थोडे घासते. मजकूर निघालाच नाही तर फक्त तपासणीचे शुल्क घेतो, आणि तो निघेलच असे आधी कधी सांगत नाही. टेपा आणणाऱ्यांना आमची विनंती एवढीच असते की ज्या ड्राइव्हवर त्या लिहिल्या तो बंद पडलेला असला तरी बरोबर आणावा, त्याची केबल, कार्ड, सॉफ्टवेअरच्या सीडी आणि टेपांच्या नोंदींची वही असेल तर तीही आणावी, आणि ड्राइव्हच्या आत कोणती टेप अडकली असेल तर ती स्वतः ओढून काढू नये.