शेवट माहीत असलेली गोष्ट पुन्हा कशाला वाचायची?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जुन्या परीकथा भविष्यकाळात नेणाऱ्या, कुमारवयीनांसाठी लिहिलेल्या विज्ञानकादंबऱ्या मी आवडीने वाचते, हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘सिंड्रेलाला राजपुत्र भेटणार हे आधीच ठाऊक आहे, मग तिच्या हाती यंत्रं दिली म्हणून वाचायचं काय त्यात?’

शेवटासाठी मी वाचतच नाही. मला मालक कोण ते बघायचं असतं. परीकथेतल्या जादूला मालक नसतो. हिमगौरीच्या गोष्टीतला आरसा बोलतो. तो कोणी घडवला, आणखी कोणाकोणाकडे बघतो, हे कोणी विचारत नाही. आरशाच्या जागी यंत्र आलं की मात्र सुटका नाही. यंत्र कोणीतरी बांधलेलं असतं आणि कोणाच्या तरी ताब्यात असतं. आणि ज्या वयात आपलं खाणं-पिणं, येणं-जाणं सगळं दुसऱ्याच्या हातात असतं, त्या वयाच्या वाचकाला हा ताबा लगेच कळतो.

मारिसा मायर यांची ‘सिंडर’ (२०१२) घ्या. यातली सिंडर सायबोर्ग आहे, म्हणजे थोडी माणूस, थोडी यंत्र; शरीराचा ३६.२८ टक्के भाग मानवी नाही, आणि पोट भरते ती यंत्रदुरुस्तीवर. मूळ गोष्टीत बूट पायाला बसायला हवा असतो. इथे पायच तिला लहान पडतो, कारण लहानपणी बसवलेला लोखंडी पाय तिच्याबरोबर वाढलेला नाही. नवा पाय मिळतो, तर तिला सांभाळणारी बाई तो काढून घेते. घेऊ शकते, कारण कायद्याने सायबोर्ग मुलगी ही पालकाची मालमत्ता! साथीच्या रोगावरच्या प्रयोगांसाठी तिला परस्पर देऊनही टाकता येतं. घरकामाला जुंपणारी सावत्र आई त्यापुढे सौम्यच वाटते. मग नाचाच्या रात्री पायऱ्यांवर काय मागे राहतं, ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

‘सिंडर’पासून सुरू होणाऱ्या मालिकेत पुढे रॅपन्झेलही येते, परीकथेतली मनोऱ्यात कोंडलेली लांब केसांची मुलगी. इथली रॅपन्झेल, म्हणजे क्रेस, मनोऱ्यात नाही तर उपग्रहात कोंडलेली आहे. केस लांब का? तर तिथे धारदार असं काही ठेवलेलंच नाही. आणि तिला नुसतं डांबलेलं नाही, कामाला लावलेलं आहे: चंद्राच्या राणीसाठी पृथ्वीवर पाळत ठेवायची. या राणीला आरसे अजिबात खपत नाहीत. माणसांच्या डोळ्यांना ती भुलवते, आरशाला भुलवता येत नाही.

झोपलेल्या राजकन्येबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे. फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांनी १६९७ साली ही गोष्ट छापली, तेव्हा तिच्यात विज्ञानकथा अर्धी होतीच. शंभर वर्षांनी राजकन्या उठते. राजपुत्राच्या लक्षात येतं की हिचे कपडे तर आजीच्या काळातले आहेत. पण तो शहाणा, तोंडातून शब्द काढत नाही. जेवताना वादक जुन्या चाली वाजवतात, शंभर वर्षांत कोणी न वाजवलेल्या. काळ ओलांडून आलेल्या माणसाचं अवघडलेपण पेरो यांनी दोन चिमट्यांत पकडलं आणि लगेच लग्नाकडे वळले. मला तिथेच थांबायचं होतं.

अ‍ॅना शीहन यांची ‘अ लाँग, लाँग स्लीप’ (२०११) तिथे थांबते. यातली मुलगी, रोझ, वय थांबवून ठेवणाऱ्या यांत्रिक झोपेतून बासष्ट वर्षांनी उठते. आई-बाप नाहीत, जिच्यात ती वाढली ती दुनिया नाही. चुंबनाने गोष्ट संपत नाही, सुरू होते. आणि शाप देणारी चेटकीण इथे लागतच नाही. मुलीला पुन्हा पुन्हा झोपवून ठेवायला घरचीच माणसं पुरेशी असतात. हे वाचून मी पुस्तक थोडा वेळ मिटून ठेवलं होतं.

सगळीच पुस्तकं अशी नसतात, हे कबूल. राजवाड्याचं यान केलं, घोड्याला इंजिन लावलं, बुटक्यांचे यंत्रमानव केले आणि बाकी सगळं जिथल्या तिथे, असा माल भरपूर आहे. पहिल्या नजरेतलं प्रेमही बहुतेकजण न तपासता उचलतात. अशी पुस्तकं मी पन्नासेक पानांत सोडते.

दुसरा प्रश्न पालकांचा: मुलांनी मूळ गोष्ट आधी वाचायला हवी का? मी क्रम उलटा सांगते. आधी ‘सिंडर’, मग जर्मन लोककथा गोळा करणाऱ्या ग्रिम बंधूंची सिंड्रेला, आणि दोन्ही बारा-तेरा वर्षांच्या पुढे. ग्रिमांच्या सिंड्रेलाचा बूट योगायोगाने मागे राहत नाही; ती निसटू नये म्हणून राजपुत्राने पायऱ्यांना डांबर फासलेलं असतं. बूट बसावा म्हणून एक सावत्र बहीण पायाचं बोट कापते, दुसरी टाच. सुरी त्यांच्या हातात त्यांची आईच देते. पाय काढून घेणाऱ्या बाईची गोष्ट नुकतीच वाचलेली मुलगी त्या सुरीवरून पटकन पुढे जात नाही.